लेव्हल केलेल्या पिकअपसाठी टायरचे माप : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात एक आढावा

पिकअप गाडीची पुढची बाजू मागच्या बाजूच्या बरोबरीने उचलून घेतली, म्हणजे गाडी 'लेव्हल' केली, की तिला मूळ मापाचेच टायर ठेवावेत की मोठे बसवावेत, हा प्रश्न वरवर पाहता हौशी मालकांचा वाटतो. परंतु २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या संत्रापट्ट्यात, जिथे बागेतला माल पांदणीतून डांबरी रस्त्यावर आणि तिथून नागपूरच्या कळमना बाजारात पोचवण्याचे काम मुख्यतः पिकअपच करतात, तिथे तो पोटापाण्याचा प्रश्न ठरतो. या प्रश्नाला चालकांकडून, टायर विकणाऱ्यांकडून, गॅरेजच्या मिस्त्रींकडून आणि हौशी मालकांकडून वेगवेगळी उत्तरे दिली जातात. या उत्तरांची एकेक करून तपासणी करणे आणि या परिसरातील रस्ते, माल व हंगाम लक्षात घेता कोणते उत्तर टिकते ते पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

'लेव्हल' म्हणजे नेमके काय

मालवाहू पिकअप रिकामी उभी असताना तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच दिसते, आणि हा कल कारखान्यानेच जाणूनबुजून ठेवलेला असतो. कारण मागच्या पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, भार आला की ते दबतात, मागची बाजू खाली बसते आणि भरलेली गाडी जवळपास समतल होते. म्हणजेच रिकाम्या गाडीची मागची उंची हा दोष नसून भारासाठी राखून ठेवलेली जागा असते. अमेरिकेत, जिथे पिकअप हे पुष्कळदा घरगुती वाहन असते आणि हौदा बहुतेक वेळ रिकामाच राहतो, तिथे पुढची बाजू साधारण दोन इंच उचलून हा कल काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली, आणि मडगार्डखाली मोकळी झालेली जागा मोठ्या टायरने भरण्याची प्रथाही तिच्याबरोबरच आली. भारतात इसुझूच्या व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्स या दुहेरी केबिनच्या पिकअपमुळे ही आवड येथील मालकांपर्यंत पोचली.

मालवाहू गाड्यांमध्ये मात्र 'लेव्हल' करण्याची गरज बहुधा उलट्या बाजूने निर्माण होते. क्षमतेपेक्षा जास्त माल भरता यावा म्हणून मागे जास्तीचा पाटा टाकला जातो, त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू आणखी उंच होते व पुढची बाजू वाकल्यासारखी दिसते, आणि मग ती सारखी करण्यासाठी पुढे पाटे असतील तर पॅकिंग देऊन, टॉर्शन बार असेल तर तो कसून, आणि कॉइल स्प्रिंग असेल तर वर चकती बसवून पुढची बाजू उचलली जाते. अशा गाडीत संत्री भरली की मागची बाजू दबते आणि नाक वर जाते. पुढच्या चाकांवरचा भार तुलनेने घटून स्टिअरिंग हलके लागते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

या फेरफाराचा एक परिणाम तर सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर भारानुसार दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो, आणि गाडी भरलेली आहे की रिकामी हे तो मागचा एक्सल व चासी यांच्यातील अंतरावरून ओळखतो. अंतर कमी असेल तर गाडी भरलेली समजून मागच्या ब्रेकला पुरा दाब मिळतो, अंतर जास्त असेल तर गाडी रिकामी समजून मागची चाके जाम होऊ नयेत म्हणून दाब कमी केला जातो. जास्तीच्या पाट्यामुळे भरलेली गाडीही पुरेशी दबत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजत राहतो आणि ज्या वेळी मागच्या ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी तो हात आखडता घेतो. अशा गाडीला आणखी मोठे टायर बसवण्याचा विचार करताना ब्रेकची ही अवस्था आधी तपासणे अगत्याचे आहे.

टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूवरील आकडे दोन पद्धतींनी लिहिलेले असतात. जुनी पद्धत इंचांची आहे. भारतात महिंद्राने जुळणी केलेल्या विलीज जीपचे ६.००-१६ हे टायर याच पद्धतीतले होते, आणि ७.०० आर १५ हे माप आजही तिचा वारसा चालवते. त्यात ७.०० ही इंचांतील रुंदी, १५ हा रिमचा इंचांतील व्यास आणि 'आर' म्हणजे रेडियल, अर्थात आतील दोरे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ घातलेला टायर. ज्याला बाजारात सरसकट 'नायलॉन' म्हणतात त्या जुन्या प्रकारात हे दोरे तिरके, एकमेकांना छेद देत घातलेले असतात. नव्या पद्धतीत, उदाहरणार्थ २१५/७५ आर १५ मध्ये, २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७५ ही टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती आहे ते सांगणारी संख्या आणि १५ हा रिमचा व्यास असतो.

यावरून टायरची एकूण उंची कोणालाही काढता येते. २१५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मि.मी.; रिमच्या वर आणि खाली मिळून त्याची दुप्पट ३२२.५ मि.मी., आणि त्यात पंधरा इंची रिमचे ३८१ मि.मी. मिळवले की एकूण व्यास ७०३.५ मि.मी. येतो. याच रीतीने १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मि.मी. आणि २३५/७५ आर १५ चा ७३३.५ मि.मी. भरतो, तर ७.०० आर १५ चा साधारण ७५० मि.मी. असतो. बोलेरो पिकअपच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर १९५/८० आर १५, २१५/७५ आर १५ आणि ७.०० आर १५ ही मापे येत असल्याने, 'बोलेरो पिकअपला कोणता टायर' हा प्रश्न आवृत्ती न सांगता विचारला तर त्याला एक उत्तर नसते.

मात्र या आकड्यांइतकाच महत्त्वाचा, आणि खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारा, आकडा त्यांच्या पुढे असतो: लोड इंडेक्स, म्हणजे ठरावीक हवेच्या दाबाला एक टायर किती भार पेलू शकतो ते सांगणारा सांकेतिक क्रमांक. ९८ म्हणजे ७५० किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५० आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. त्याला लागून येणारे अक्षर वेगाची मर्यादा दाखवते, आणि 'आठ प्लाय' किंवा 'आठ पीआर' असा उल्लेख टायरच्या सांगाड्याची मजबुती सांगतो. प्रवासी बोलेरोवर २१५/७५ आर १५ हेच माप येते; परंतु तो प्रवासी गाडीचा टायर असून मालवाहू पिकअपच्या त्याच मापाच्या आठ प्लायच्या टायरपेक्षा त्याची भारक्षमता बरीच कमी असते. मापाचे आकडे जुळले म्हणून टायर जुळला असे मानणे येथे धोक्याचे ठरते.

मोठ्या टायरच्या बाजूने आणि विरोधात

मोठ्या टायरच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य मुद्दा जमिनीपासूनच्या अंतराचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. कारण पिकअपच्या मागच्या अखंड एक्सलमध्ये मधोमध असलेली डिफरन्शियलची गोलसर पेटी, जी पांदणीतल्या चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर सर्वांत आधी टेकते, ती गाडी कितीही लेव्हल केली तरी तसूभरही वर येत नाही. ती एक्सलवरच असते आणि एक्सल टायरवर, म्हणून तिला वर आणण्याचा मार्ग फक्त टायरचा व्यास वाढवणे हाच आहे. परंतु मिळकत किती हे मोजून पाहिले पाहिजे. व्यासातील वाढीची निम्मीच उंची जमिनीपासूनच्या अंतरात येते, त्यामुळे २१५/७५ वरून २३५/७५ वर गेल्यास पेटी केवळ १५ मि.मी. वर येते आणि १९५/८० वरून २१५/७५ वर गेल्यास जेमतेम ५ मि.मी.

या १५ मि.मी.ची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ७०३.५ वरून ७३३.५ ही वाढ ४.३ टक्क्यांची आहे. म्हणजे स्पीडोमीटरने ६० दाखवल्यावर प्रत्यक्ष वेग पूर्वीपेक्षा तेवढ्याच टक्क्यांनी वाढून, मूळ काटा अचूक होता असे धरल्यास, ६२.६ होतो, चाकाला मिळणारी ओढ तेवढ्याच प्रमाणात घटते आणि ब्रेकची जमिनीवरील पकडही त्याच प्रमाणात कमी पडते, कारण इंजिन व ब्रेक दोन्हींना आता लांब तरफेशी झुंजावे लागते. सपाट रस्त्यावर ही घट जाणवणार नाही. परंतु सौंसरहून छिंदवाड्याकडे माल नेताना सिल्लेवानी घाटात तीच घट एक गिअर खाली उतरवण्याच्या रूपाने आणि क्लचच्या झिजेच्या रूपाने दिसते, तर भरलेली गाडी छिंदवाड्याच्या पठारावरून खाली उतरवताना ब्रेकच्या तापण्यातून. टायर व्यवसायात एकूण व्यासातील फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा जो दंडक सर्वसाधारणपणे पाळला जातो, त्यामागचे कारण हेच आहे.

परदेशी सल्ला जसाच्या तसा का लागू होत नाही, हेही याच हिशोबातून स्पष्ट होते. अमेरिकेतील मोठ्या पिकअपवर मुळातच ३२ इंचांच्या आसपासचे टायर असतात, त्यामुळे लेव्हल केल्यावर तेथे ३३ इंची टायर बसवणे ही सुमारे तीन टक्क्यांचीच वाढ ठरते. बोलेरो पिकअपचा २१५/७५ आर १५ हा टायर जेमतेम पावणेअठ्ठावीस इंचांचा असल्याने तोच ३३ इंची टायर येथे १९ टक्के मोठा होतो. हायलक्सच्या २६५/६० आर १८ या मूळ मापाचा व्यास ७७५ मि.मी. आहे, आणि तिला २६५/६५ आर १७ बसवल्यास व्यास ७७६ मि.मी. म्हणजे जवळपास तेवढाच राहतो, परंतु टायरची बाजू १५९ वरून १७२ मि.मी. होऊन खड्ड्यांचा मार सोसण्यास जास्त रबर मिळते. दुहेरी केबिनच्या पिकअपचा जो मालक दर आठवड्याला बागेत जातो त्याला व्यास न वाढवता रिम लहान करण्याचा हा मार्ग, सतरा इंची रिम ब्रेकच्या भागांवर मोकळी बसत असेल आणि लोड इंडेक्स उतरत नसेल तर, मोठ्या टायरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

भाराचा हिशोब

मालवाहू पिकअपच्या बाबतीत सर्व मुद्द्यांत पहिला मान भाराचा आहे. समजा, भरलेल्या गाडीच्या मागच्या एक्सलवर १,९०० किलो भार येतो. मागे दोनच टायर असल्याने प्रत्येकावर ९५० किलो येतील आणि लोड इंडेक्स किमान १०६ लागेल. अशा गाडीला कोणी दिसायला रुंद, परंतु लोड इंडेक्स १०० असलेला प्रवासी प्रकारचा टायर बसवला, तर दोन टायर मिळून १,६०० किलोच पेलतील आणि ३०० किलोंचा तुटवडा टायरच्या बाजूच्या भिंतीवर पडेल. ती भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या डांबरावर हवा कमी असताना असा टायर फुटतो तो या साठलेल्या उष्णतेमुळे. फुटण्याच्या क्षणी खाली आलेला खडा केवळ निमित्त असतो. रुंद टायर म्हणजे मजबूत टायर ही समजूत येथे उघडी पडते.

जास्तीचा पाटा टाकून वाढवलेली क्षमता हीदेखील एक दिशाभूलच आहे, कारण पाटा भार उचलतो असे दिसले तरी तो भार अखेरीस टायर, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यावरच उतरतो, आणि त्यांची क्षमता पाट्याने एका किलोनेही वाढत नाही.

हवेच्या दाबाचा विषय भारापासून वेगळा काढता येत नाही. लोड इंडेक्सवरील भार ठरावीक दाबालाच पेलला जातो, म्हणून भरलेल्या गाडीला कारखान्याच्या पाटीवर दिलेला दाब थंड टायरमध्ये भरणे आवश्यक असते. परंतु त्याच दाबावर रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी खड्ड्यावरून उसळते, आणि संत्र्याच्या वाहतुकीत ही उसळी थेट पैशांत मोजली जाते. कॅरेटमधल्या तळच्या थरातील फळ वरच्या थराखाली दबलेले असते. गाडी उसळून आपटली की त्याच्या सालीतील तेलाच्या ग्रंथी फुटतात, साल त्या जागी काळपट पडते, आणि बागेतून निघताना निर्दोष असलेले फळ बाजारात उतरेपर्यंत डागी मालात जमा होते.

पांदण, महामार्ग आणि हंगाम

या परिसरातील पिकअपला एकाच फेरीत तीन प्रकारच्या जमिनीवरून जावे लागते: बागेची काळी माती, गावापर्यंतचा मुरमाचा रस्ता, आणि त्यानंतर पांढुर्ण्याहून नागपूर-बैतूल महामार्ग किंवा सौंसरहून नागपूर-छिंदवाडा महामार्ग, हे दोन्ही मार्ग सावनेरला एकत्र येतात. फेरीतले बहुतांश अंतर डांबरावरचे आणि अडचण मात्र बहुतांश पांदणीतली, अशी ही विभागणी आहे, आणि टायरची निवड कोणत्या बाजूने करावी याबद्दलचे मतभेद येथूनच सुरू होतात.

चिखलासाठी रुंद टायर घ्यावा असे एक मत आहे, तर अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो असे दुसरे. मुरमावर चिखलाचा पातळ थर असेल तेव्हा दुसरे मत खरे ठरते. खोल काळ्या मातीत मात्र कठीण थर हाती लागत नाही, आणि ही चिकण माती टायरच्या खाचांत भरून त्याला काही फेऱ्यांतच गुळगुळीत करून टाकते, त्यामुळे तिथे रुंदीपेक्षा खाचांची मोकळीक महत्त्वाची ठरते. आडव्या, खोल खाचांचा 'लग' प्रकारचा टायर माती झटकून टाकू शकतो, तर लांब सरळ खाचांचा 'रिब' प्रकार महामार्गावर कमी तापतो, कमी झिजतो आणि पुढच्या चाकांना दिशा चांगली देतो. पुढे रिब आणि मागे लग ही जी जोडणी मालवाहू वाहनांत जुन्या काळापासून चालत आली आहे, ती या तडजोडीवरच आधारलेली आहे.

परंतु या वादात हंगामाचा विचार क्वचितच केला जातो. आंबिया बहाराची तोडणी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत होते आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे संत्र्याची मुख्य वाहतूक ज्या महिन्यांत होते त्यांतील बहुतेक काळ पांदण सुकलेली असते, आणि टायरचे खरे शत्रू चिखलापेक्षा वाळून दगडासारख्या झालेल्या चाकोऱ्या, बाभळीचे काटे आणि टोकदार दगड हे असतात. त्यांच्यापासून बचाव उंच टायरने होत नाही. जाड बाजूच्या, पुरेशा प्लायच्या आणि योग्य हवेच्या टायरने होतो. आंबियाच्या सुरुवातीला अवेळी पाऊस आला तर कोणत्याही मापाचा टायर भरलेल्या दोनचाकी ओढीच्या पिकअपला काळ्या मातीतून खात्रीने बाहेर काढू शकत नाही. अशा वेळी कॅरेट ट्रॅक्टरने मुरमाच्या रस्त्यापर्यंत आणून तिथे पिकअप भरणे हाच शहाणपणाचा उपाय आहे.

जागेची परीक्षा

टायर बसतो की नाही, हा प्रश्न दुकानातील उभ्या गाडीवर सुटत नाही. मडगार्डची आतली बाजू, पाट्यांची कड आणि चासीचा जवळचा भाग यांवर खडूची जाड पूड चोळावी, गाडीत नेहमीइतका माल भरावा, पुढचे एक चाक विटांच्या भक्कम थरावर चढवावे आणि स्टिअरिंग डावीकडे व उजवीकडे शेवटपर्यंत फिरवावे. नंतर दुसऱ्या चाकावर हीच कृती करावी. जिथे खडू पुसला गेला किंवा टायरवर पांढरी रेघ उमटली, तिथे तो टायर खड्ड्यात घासणार हे नक्की. लेव्हल केल्याने उभ्या गाडीत मोकळी जागा वाढलेली दिसते. परंतु स्प्रिंग पूर्ण दबल्यावर चाक जिथपर्यंत वर येते ती जागा बहुतांश तेवढीच राहते, त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या जागेवर विसंबून घेतलेला टायर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात घासतो.

रिमची रुंदीही पाहावी लागते, कारण २३५/७५ आर १५ सारख्या टायरला किमान सहा इंच रुंदीची रिम लागते आणि अरुंद रिमवर तो मधेच फुगून मधल्या पट्ट्यात झिजतो. पुढची बाजू उचलल्यावर चाकांचे कोन बदलतात, विशेषतः जिथे पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात तिथे. म्हणून अलाइनमेंट केल्याशिवाय नवे टायर बसवले तर त्यांची एक कड थोड्याच महिन्यांत खाल्ली जाते. टायर किती जुना आहे हेही बाजूवरच्या चार आकड्यांवरून कळते. २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरचे माप व प्लाय यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, आणि चारचाकीच्या टायरवरील खाच १.६ मि.मी.पेक्षा कमी राहू नये असेही बंधन आहे. मालवाहू वाहनाला ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि पांढुर्णा-सौंसरच्या गाड्या तर बाजारासाठी नित्य राज्याची सीमा ओलांडतात. त्यामुळे एका राज्यात चालून गेलेला फेरफार दुसऱ्या राज्यात अडवला जाण्याची, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात त्यावर बोट ठेवले जाण्याची शक्यता मालकाने धरूनच चालावे.

निष्कर्ष

या सर्व बाजू एकत्र मांडल्यावर निवडीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम भरलेल्या गाडीच्या मागच्या एक्सलवरील भार आणि त्यावरून लोड इंडेक्स, मग कारखान्याने त्या आवृत्तीसाठी दिलेले माप, त्यानंतर रस्त्यानुसार खाचांचा प्रकार, आणि सर्वांत शेवटी मडगार्डखालची जागा. प्रत्यक्षात मात्र लेव्हल केलेल्या गाडीचा मालक पुष्कळदा या क्रमाच्या शेवटापासून सुरुवात करतो: जागा दिसली म्हणून ती भरण्यासाठी टायर शोधतो. मालवाहू पिकअपसाठी मूळ मापाचा, पुरेशा प्लायचा टायर आणि कारखान्याचा मूळ कल हीच जोडी या परिसरात सर्वांत भरवशाची आहे, आणि बदल करायचाच असेल तर तो तीन टक्क्यांच्या आत, निर्मात्याने मान्य केलेल्या मापात व भारक्षमता कमी न करता करावा. व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या गाडीला थोडी मोकळीक आहे, ती तिचा हौदा बहुधा रिकामा राहतो म्हणून. ज्या गाडीच्या हौद्यात वर्षभराच्या मेहनतीचे संत्रे चढते तिला ती मोकळीक नाही, कारण तिच्या मागच्या बाजूला राखलेली ती चार बोटांची उंची त्या संत्र्यासाठीच सोडलेली आहे.